दलाल कोणाच्या बाजूचा?

घर घेताना कोणती रक्कम सगळ्यात जास्त बोचली, असे मुंबईच्या उपनगरातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला विचारा. घराची किंमत त्यांनी मनातल्या मनात कधीच स्वीकारलेली असते. मुद्रांक शुल्क सरकारचे, म्हणून मुकाट भरलेले असते. बोचते ती दलाली. याचे कारण केवळ कंजूषपणा नाही. ही रक्कम नेमकी कशासाठी दिली, हे त्या कुटुंबाला शेवटपर्यंत कोणी सांगितलेले नसते.

मालाड पश्चिमेला, मार्वे रस्त्याच्या आसपास सव्वा कोटीचे जुने घर घ्यायचे आहे, असे धरू. पंचाहत्तर लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात बँकेने घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे सव्वाएकतीस लाख स्वतःचे. त्यावर मेट्रो अधिभारासह सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेसात लाख. नोंदणी फी तीस हजार. दलालाने दोन टक्के मागितले तर अडीच लाख, आणि तो जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी पंचेचाळीस हजार. सगळे मिळून बेचाळीस लाख रुपये कर्जाबाहेरचे, हातातले. भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने, गावची विकलेली जमीन यांतून जमवलेले. दलालीला बँक कर्ज देत नाही. वीस वर्षांच्या हप्त्यांत विरघळून जाणारी ही रक्कम नव्हे. ती एका दिवसात, एका हाताने द्यावी लागते. म्हणून ती बोचते, आणि ती बोचणी रास्त आहे.

हे दोन टक्के कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. ती रीत आहे, आणि रीतही सगळीकडे सारखी नाही. कुठे एक टक्का चालतो, कुठे दोन, कुठे घेणारा आणि विकणारा दोघांकडूनही दोन-दोन. पन्नास लाखांच्या घराला दलाल जितक्या खेपा घालतो, तितक्याच दोन कोटींच्या घरालाही घालतो. किल्ली आणायची, घर दाखवायचे, मालकाशी बोलणे करून द्यायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटायचे, दस्ताच्या दिवशी निबंधक कार्यालयात हजर राहायचे. काम तेवढेच, मोबदला चौपट. मुंबईत गेल्या तीस वर्षांत घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या, आणि टक्केवारीच्या रीतीमुळे दलालीही बसल्या जागी त्यांच्यासोबत वर गेली.

तरीही मला रकमेपेक्षा मोठी हरकत दुसऱ्याच गोष्टीची आहे. आपण पैसे देतो तो माणूस आपल्या बाजूचा नसतो.

सव्वा कोटीच्या व्यवहारात दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेणाऱ्या दलालाला पाच लाख मिळतात. तुमच्यासाठी भांडून त्याने किंमत पाच लाखांनी उतरवली, तर तुमचे पाच लाख वाचतात आणि त्याचे वीस हजार जातात. त्या घासाघिशीत आठ दिवस गेले आणि व्यवहार फिसकटला, तर त्याचे पाचही लाख जातात. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस काय करील? व्यवहार लवकर उरकेल. ‘दुसरी पार्टी टोकन घेऊन तयार आहे’ हे वाक्य उपनगरात घर शोधलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. ते कधी खरे असते, कधी नसते, पण दरवेळी ते तुम्हाला घाई करायला लावण्यासाठीच उच्चारलेले असते. यात दलालाचा स्वभाव वाईट असण्याचा प्रश्न नाही. त्याचा मोबदलाच असा बांधलेला आहे की किंमत उतरवण्यात त्याचा फायदा जवळजवळ शून्य आणि सौदा जुळवण्यात सगळा.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि जवळपास ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. गिऱ्हाइकाचे घर विकताना तोच एजंट त्याला लवकर ‘हो’ म्हणायला लावतो. तिथे एजंट विक्रेत्याच्या बाजूचा असल्याचे निदान कागदावर तरी मान्य असते. आपल्याकडे एकच माणूस दोन्ही बाजूंनी पैसे घेतो आणि तो कोणाचा प्रतिनिधी आहे हे कुठेच लिहिलेले नसते.

आपला कायदा मात्र या बाबतीत मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्याची, म्हणजे एजंटाची, कर्तव्ये सविस्तर आहेत. विशेष करार नसेल तर नेमलेले काम पूर्ण होईपर्यंत त्याचा मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ सांगते. कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही, असे कलम २२०. नेमणाऱ्याला न सांगता एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःचा हिशेब साधला, तर तो लाभ नेमणाऱ्याला मागता येतो, असे कलम २१६. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा इतका स्पष्ट आहे. पण तो वापरायचा तर आधी ‘मी याला नेमले’ असे सांगणारा कागद हवा, आणि तोच आपण कधी करत नाही. घर दाखवायला आलेल्या माणसाच्या मागोमाग चालत जातो, आणि दलालीची रक्कम ठरते ती टोकन देताना, म्हणजे मन घरात गुंतल्यावर, जेव्हा नाही म्हणणे सगळ्यात अवघड असते.

दलालाच्या कामाला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. मुंबईत घर विकणारा अनेकदा मुंबईत नसतो. मालाड, ओर्लेम, मार्वे या भागांतल्या कित्येक कुटुंबांतली मुले आखातात किंवा कॅनडात आहेत. घराची किल्ली कोणाकडे आहे, तीन भावांपैकी कोण सही करायला तयार नाही, सोसायटीत पुनर्विकासाचे बोलणे कुठवर आले आहे, हे स्थानिक दलालाला माहीत असते आणि संकेतस्थळावर ते सापडत नाही. ओळखीपाळखी नसलेल्या दोन माणसांना समोरासमोर बसवून विश्वासाने बोलायला लावणे हेही काम आहे, आणि चांगला दलाल ते फार छान करतो. म्हणूनच एक गोष्ट ठामपणे सांगतो. दलालाने दाखवलेले घर नंतर त्याला टाळून, मागच्या दाराने मालकाला गाठून विकत घेणे याला बचत म्हणत नाहीत. ती दुसऱ्याच्या श्रमाची चोरी आहे. दलाली वाचवायची असेल तर दलालाला सुरुवातीपासूनच न बोलावता वाचवावी, किंवा त्याच्याशी सुरुवातीलाच रक्कम ठरवून कमी करावी.

दलाल कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न सगळ्यात धारदार होतो तो मढला. मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बेस्ट बस मार्वे रस्त्याने मालवणी, आक्से, एरंगळ अशी मढ जेट्टीपर्यंत जाते. पलीकडे वर्सोवा. नावेने काही मिनिटांचे अंतर, रस्त्याने गेले तर मोठा वळसा. वर्सोवा-मढ पूल महापालिकेच्या योजनेत आहे, आणि पूल होणार या एका वाक्यावर इथले जमिनीचे बोलणे चालते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन, मध्ये कोळीवाडे, गावठाणे, जुन्या वाड्या, चित्रीकरणाचे बंगले, सुट्टीला येणाऱ्यांची घरे. मार्वेला नौदलाचे आयएनएस हमला, टोकाला हवाई दलाच्या ताब्यातला मढचा किल्ला. मुंबईत राहून समुद्राच्या इतके जवळ, इतक्या मोकळ्या जागेत राहण्याचे स्वप्न इथेच परवडेल, असे अनेकांना वाटते. आणि दलालाचा फोन येतो, ‘जागा चांगली आहे, मालक नडलेला आहे, भाव पुन्हा मिळणार नाही.’

इथे किमतीआधी कागद बोलतो. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, त्यानंतर २०११ ची, मग २०१९ ची. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येते, हे त्यांनी ठरवले. विकास आराखड्यात या पट्ट्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे ना-विकास क्षेत्रात होता. मुंबईत राहते बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे असेल, तर परवानगीचा कागद नसला तरी महापालिका ते सहन करते. ही तारीख मुंबईच्या जमिनीच्या व्यवहारांत फार मोलाची आहे, कारण ज्याला आपले कालचे बांधकाम टिकवायचे आहे त्याला ते कागदोपत्री १९६४ च्या आधी न्यावे लागते. मढ-एरंगळ भागात नेमके हेच झाल्याचे उघडकीस आले. भूमापनाच्या जुन्या नकाशांत फेरफार करून, मोकळ्या जमिनीवर पूर्वीपासून बांधकाम असल्याचे दाखवले गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तपासासाठी विशेष पथक नेमले गेले, आणि २०२५ मध्ये महापालिकेने अशा बंगल्यांवर कारवाई हाती घेतली. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये याच किनाऱ्यावरचे चित्रीकरणाचे मोठमोठे स्टुडिओ पाडले गेले होते.

हे बंगले पहिल्या मालकापासून पुढे विकले गेले असतील, तर प्रत्येक विक्रीत कोणीतरी मधे असणार आणि त्याने आपले टक्के घेतलेले असणार. घर पडले म्हणून ते टक्के परत येत नाहीत. दलालाचे काम सौदा पूर्ण झाल्यावर संपते, घेणाऱ्याचे भोग त्यानंतर सुरू होतात.

मढला घर किंवा जागा बघणाऱ्याला पुढ्यात येणारे कागद बहुधा असे असतात. महापालिकेची मालमत्ता कराची पावती, विजेचे बिल, नोटरीपुढे केलेला करार, कुलमुखत्यारपत्र. ‘सगळे कागद आहेत’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. कराची पावती मालकी सिद्ध करत नाही, कर भरला एवढेच सिद्ध करते. विजेचे बिलही तसेच. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही हे व्यवहार चालूच आहेत, कारण ते स्वस्त असतात आणि मुद्रांक शुल्क वाचल्यासारखे वाटते. कोळीवाड्यांतली आणि गावठाणांतली घरे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असली, तरी त्यांची हद्द, सामाईक वाटे आणि वारस यांचा गुंता सुटलेला नसतो. कोळीवाड्यांचे सीमांकन किती वर्षे रेंगाळले, हे तिथल्या कोळी बांधवांना विचारावे. अशा घराचा व्यवहार एका भावाच्या सहीने झाला, तर बाकीच्यांचे हक्क तसेच राहतात.

या पट्ट्यात मला सगळ्यात विश्वासाची वाटणारी कसोटी अगदी साधी आहे. राष्ट्रीयीकृत बँक या घरावर कर्ज देते का? विक्रेता किंवा दलाल ‘इथे कर्ज होत नाही, रोखीतच करावे लागेल’ म्हणाला, की उत्तर मिळाले. बँकेचा वकील बँकेसाठी कागद तपासतो, तुमच्यासाठी नव्हे. तरीही जिथे बँकेला आपले पैसे बुडतील असे वाटते, तिथे तुम्ही आयुष्याची कमाई का ओतावी?

म्हणून मढला घर घेणाऱ्याने दलाली वाचवली आणि वकील केला नाही, तर त्याने काहीच वाचवले नाही. उलटही तितकेच खरे आहे. तिथे दलालाला दोन टक्के देऊन ‘तोच कागद बघून घेईल’ असे समजणारा आपले घर सर्वांत चुकीच्या माणसाच्या हाती सोपवतो. कागदात खोट निघाली तर ज्याचा मोबदला बुडणार आहे, त्याला खोट शोधायला सांगणे हे मला अनाकलनीय वाटते. वकील कागदांच्या कामाची ठरलेली फी घेतो. घर दुप्पट महाग म्हणून ती दुप्पट होत नाही, आणि ‘हा व्यवहार करू नका’ असे सांगूनही त्याला ती मिळते. ज्याला ‘नको’ म्हणण्याचेही पैसे मिळतात, त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो. तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, मिळकत पत्रिका, विकास आराखड्याचा शेरा, किनारा क्षेत्राच्या मंजूर नकाशातले स्थान, भोगवटा प्रमाणपत्र. यावर खर्च करावा, आणि तो टोकन देण्यापूर्वी करावा.

मग सरकारने दलालांसाठी काही केलेच नाही का? केले, पण अर्धे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात महारेरा ही नियामक संस्था २०१७ पासून काम करते आहे. एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही तिने आणली, आणि त्यातली पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला किंवा खोटी माहिती देणाऱ्याला दिवसाला दहा हजार, एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हे चांगले आहे. पण कायद्याचे कलम ९ नीट वाचले की भगदाड दिसते. ही सक्ती विकासक विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांपुरती आहे. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या जुन्या घराच्या दलालाला ती लागू नाही. म्हणजे जिथे घेणाऱ्याला प्रकल्पाची माहिती, मंजुऱ्या, नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात, तिथला एजंट परीक्षा देऊन येतो. आणि जिथे काहीच कुठे लिहिलेले नाही, तीन पिढ्यांचे कागद चाळावे लागतात, तिथला दलाल कोणीही असू शकतो. हे उलटे झाले आहे. मढची, मालवणीची, एरंगळची बहुतेक खरेदी या दुसऱ्या प्रकारात मोडते.

नव्या इमारतीत ‘शून्य दलाली’ असे फलक लागतात, त्याबद्दलही बोलायला हवे. तिथे एजंटाला विकासक पैसे देतो, आणि ते पैसे त्याने घराच्या किमतीत धरलेले असतात. तुम्ही थेट विक्री कार्यालयात गेलात तरी किंमत आपोआप कमी होत नाही, कारण एजंटांना दुखवणे विकासकाला परवडत नाही. पण तुम्ही कोणाच्या नावाने आला नाहीत, हे पहिल्याच भेटीत नोंदवून घ्या आणि वाचलेल्या रकमेपैकी काही भाग किमतीतून वजा करून मागा. विक्री थंडावलेली असते तेव्हा हे मिळते. विक्री कार्यालयात नाव-नंबर लिहिताना मागून एखादा एजंट ‘हे माझे गिऱ्हाईक’ म्हणून नोंद करून गेला, तर तो हक्क हातचा गेला.

अमेरिकेत ही लढाई न्यायालयात झाली. तिथे घर विकणारा पाच-सहा टक्के द्यायचा आणि त्यातला निम्मा भाग घेणाऱ्याच्या एजंटाला जायचा. घेणाऱ्याला वाटायचे, आपल्याला एजंट फुकट मिळाला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीतल्या ज्युरीने ही पद्धत स्पर्धेच्या विरोधातला संगनमताचा कट ठरवला आणि सुमारे १.८ अब्ज डॉलर भरपाईचा निकाल दिला. पुढे एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता घेणाऱ्याच्या एजंटाला घर दाखवण्याआधी लेखी करार करावा लागतो, त्यात त्याचा मोबदला स्पष्ट आकड्यात लिहावा लागतो. न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबालाही आता पहिल्या भेटीतच हा कागद पुढ्यात येतो. एवढीच एक सुधारणा आपल्याकडे आली तरी अर्धी भांडणे मिटतील. ब्रिटनमध्ये तर एजंट विकणाऱ्याचा, पैसे विकणाऱ्याचे, आणि हे सगळ्यांना ठाऊक. घेणारा स्वतःचा सॉलिसिटर नेमतो. साधी, स्वच्छ विभागणी.

आपल्याकडे तंत्रज्ञानाने हे सुटेल, असे काही वर्षांपूर्वी वाटले होते. २०१४ मध्ये सुरू झालेली, दलालाविना घर शोधून देणारी नोब्रोकर ही कंपनी २०२१ मध्ये अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाला पोचली, यावरूनच लोकांना दलाल टाळायची किती तळमळ आहे हे कळते. संकेतस्थळांनी घर शोधण्याची पायपीट कमी केली. कागद मात्र त्यांनी सोपा केला नाही.

माझ्या मते खरी बचत एका सरकारी सोयीत दडलेली आहे आणि तिच्याकडे फारच थोडे लोक वळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. मुंबई उपनगर जिल्हा, वर्ष, गाव आणि नगर भूमापन क्रमांक टाकला, की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन दिसते. कोणी कोणाला विकले, किती क्षेत्र, किती मोबदला, किती बाजारमूल्य, किती शुल्क. दलाल ज्याला ‘इथला भाव’ म्हणतो तो सांगितलेला भाव असतो. सूची दोनमधला आकडा सरकारदरबारी नोंदलेला असतो. त्याच इमारतीत गेल्या वर्षभरात झालेल्या व्यवहारांचे कागद हाती घेऊन विक्रेत्यासमोर बसा. सव्वा कोटीवर तीन टक्के उतरले तर पावणेचार लाख वाचतात, म्हणजे सगळ्या दलालीपेक्षा जास्त. दलाली वाचवण्याच्या मागे लागलेले लोक हे विसरतात की किंमत हीच सर्वांत मोठी रक्कम आहे, आणि तिथेच दलालाचा तुम्हाला सर्वांत कमी उपयोग आहे.

बाकीच्याही गोष्टी आहेत, ज्या दलाल सांगत नाही कारण त्यात त्याचे काही नाही. राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सव्वा कोटीवर सव्वा लाख, दलालीचा अर्धा भाग तिथेच निघतो. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घरात विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विक्रेता अनिवासी असेल, तर हा दर कितीतरी मोठा असतो आणि कापला नाही तर वसुली घेणाऱ्याकडून होते. आखातात राहणाऱ्या मालकाचे मार्वे रस्त्यावरचे घर घेणाऱ्याला हे माहीत नसेल, तर वाचवलेली दलाली कितीतरी पटींनी दंडात जाईल. सोसायटीने हस्तांतरणासाठी पंचवीस हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेऊ नये, असा ९ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. तरी ‘देणगी’ म्हणून लाख-दोन लाख मागितले जातात आणि ‘देऊन टाका, विषय संपवा’ असा सल्ला मिळतो. देऊ नका. आणि म्हाडाच्या सोडतीत तर कोणत्याही एजंटाला वाव नाही. अर्ज, सोडत, देकारपत्र सगळे ऑनलाइन आहे. तिथे ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देणे म्हणजे फसवणुकीला आमंत्रण.

दलाल लागणारच असेल, तर त्याला आधी विचारा, तू समोरच्याकडूनही घेणार आहेस का? घेणार असेल तर मी पूर्ण दर का द्यावा? टक्क्यांऐवजी ठोक रक्कम ठरवा. ती दस्त नोंदल्यावर, बँकेतून, पावतीवर द्या. टोकनच्या दिवशी नको, रोखीत नको. हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. यात अपमान कसला? चांगल्या दलालाला याने संरक्षणच मिळते, कारण त्यालाही मागच्या दाराने जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्रास होतो. मढ-मालवणीची कितीतरी स्थानिक मुले या धंद्यात आहेत. त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, पण तो केलेल्या कामाचा, ठरलेला आणि लिहिलेला.

राज्य सरकारकडे माझी मागणी नेमकी आहे. जुन्या घरांच्या व्यवहारांतल्या दलालांनाही नोंदणी, परीक्षा आणि लेखी करार सक्तीचे करा, आणि एकाच व्यवहारात दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याने ते दोघांनाही लेखी कळवावे, असा नियम करा. सूची दोन भूमापन क्रमांकाऐवजी इमारतीच्या नावाने शोधता येईल अशी करा, म्हणजे ‘इथला भाव’ कोणाच्या तोंडून ऐकावा लागणार नाही. एरंगळ-मढसारख्या गावांच्या मिळकत पत्रिकेवरच किनारा क्षेत्राचा शेरा छापा. आणि तोवर, वाचकहो, मढला समुद्राकडे तोंड असलेले घर कोणी दाखवले तर टोकनचा धनादेश खिशात ठेवा, आधी नगर भूमापन क्रमांक मागा. तो देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून घर घेऊ नका.